गंगाळ व रुमाल

(खेड्यांतील मंडळ्यांत उपासनेच्या वेळी वाचण्याकरिता. शास्त्रपाठ : योहान, अध्याय १३, वचने १ ते १७, २ राजे, अध्याय ४, वचने ३८ ते ४१, आणि २ राजे, अध्याय ५.)



धरून दिला गेला त्याच रात्री आमच्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, हा वृत्तांत तुम्ही पुष्कळ वेळा ऐकिला आहे. उपदेशक त्यावर बोलू लागला म्हणजे तो बहुधा लगेच नम्रतेच्या विषयाकडे वळतो, आणि त्यात चुकीचे काही नाही. परंतु त्या घाईत एक साधी गोष्ट मागे राहते. ते पाय खरे होते. यरुशलेमेच्या वाटेवरची धूळ त्यांस लागली होती. टाचा भेगाळल्या असतील, कोणाच्या बोटात काटा मोडला असेल. पाणी खरे होते, भांडे खरे होते, आणि ज्याने हे सर्व हाती धरिले त्याने पाय धुऊन ते तसेच ओले सोडिले नाहीत, तर रुमालाने पुसले. हे पुसणे शुभवर्तमान लिहिणाऱ्याने मुद्दाम नमूद केले आहे. ते कशासाठी, ह्याचा विचार आपण भंडारा जिल्ह्यातील माणसांनी तरी अवश्य करावा. कारण धुतलेला पाय नीट पुसला की नाही, ह्यावर आपल्यातील कित्येकांचे सुखदुःख अवलंबून आहे.

आपला मुलूख तलावांचा व धानाचा. रोवणीच्या दिवसांत आपल्या स्त्रिया सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बांधीच्या चिखलात वाकून उभ्या असतात. पुरुष नांगर-वखर घेऊन, हल्ली ट्रॅक्टरच्या मागे, त्याच चिखलात असतात. चार-आठ दिवसांत बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून फाटते, खाज सुटते, आग होते. ह्यांस आपण चिखल्या म्हणतो. चिखल्यांस कोणी दुखणे मानीत नाही. पाऊस गेला की जातील, असे म्हणून त्याच पायांनी आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधीत उतरतो. ज्याचा पाय निरोगी आहे त्यास ह्यापासून फारसा धोका नाही. पण ज्याच्या पायात हत्तीपायाचे बीज आहे, त्याचे घर ह्या बारीक भेगांतूनच उघडे पडते.

हत्तीपाय आमच्या भागात नवा नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, वर्धा ह्या जिल्ह्यांत तो पिढ्यानपिढ्या आहे. पूर्वी लोक त्यास पूर्वजन्मीचे पाप म्हणत, कोणी करणी म्हणत, कोणी तलावाच्या पाण्याचा दोष म्हणत. आपल्यात येऊनही काही कुटुंबांनी हे बोलणे सोडिलेले नाही, फक्त पूर्वजन्म गाळून पाप तेवढे ठेविले आहे! जन्मांधाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला होता, की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. आणि प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारिली. ह्यास्तव हत्तीपाय झालेल्या मनुष्यास पापाचा हिशेब विचारण्याचा अधिकार कोणा ख्रिस्ती मनुष्यास नाही.

खरे कारण १८७७ साली पुढे येऊ लागले. पॅट्रिक मॅन्सन नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर चीन देशात अमॉय बंदरी काम करीत होते. त्यांनी दाखविले की ह्या रोगाच्या जंतूंची पिले रोग्याच्या रक्तातून डासाच्या पोटात जातात व तेथे वाढतात. पुढे इतरांनी हे ज्ञान पुरे केले. आज आपणांस माहीत आहे ते असे : घरामागच्या मोरीच्या, गटाराच्या, उघड्या खड्ड्याच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स जातीचा डास रात्री चावतो. त्याच्याबरोबर अंगात शिरलेले जंतू दोऱ्यासारखे बारीक असे कृमी होऊन अंगातील रसवाहिन्यांत राहतात. तेथे ते सहा ते आठ वर्षे जगतात, आणि त्यांची असंख्य पिले रात्रीच्या वेळी रक्तात फिरतात. म्हणूनच आरोग्य खात्याचे लोक रात्री दारी येऊन बोटातून रक्ताचा थेंब घेतात. त्यांस हसू नका व परत पाठवू नका. लागण बहुधा लहानपणी होते आणि सूज दिसते ती पुष्कळ वर्षांनी. तोपर्यंत मनुष्य आपणांस धडधाकट समजत असतो.

आता चिखल्यांचा संबंध पाहा. रसवाहिन्या बिघडल्या म्हणजे पायात साचलेला रस वर चढत नाही. अशा पायाच्या भेगेतून साधे, रोजच्या मळातील जंतू आत गेले तरी त्यांचा बंदोबस्त शरीराकडून होत नाही. मग थंडी वाजून ताप येतो, पाय लाल व गरम होतो, जांघेत गाठ येते, चार-सहा दिवस मनुष्य अंथरुणास खिळतो. ताप उतरतो, पण सूज थोडी वाढलेली राहते. पुन्हा काही महिन्यांनी तसेच. अशा प्रत्येक तापागणिक पाय जाड होत जातो. म्हणजे हत्तीपायास हत्तीचा आकार देणारे काम पुष्कळ अंशी त्या कृमींचे नसून बोटांच्या बेचक्यांतील मळाचे व ओलीचे आहे. हे कळल्यावर पाणी, साबण व कोरडे फडके ह्यांकडे आपण पूर्वीच्या दृष्टीने पाहू शकत नाही.

ह्याचा उपाय लिहितो. उपदेशकांनी व बायबलबाईंनी तो पाठ करावा. रोज, होता होईल तो सायंकाळी कामावरून आल्यावर, पाय धुवावा. पाणी स्वच्छ असावे. थंड वा कोमट चालेल, पण हाताच्या कोपराने पाहून घ्यावे, कारण सुजलेल्या पायास चटका लवकर कळत नाही. साबण अंगाचा साधा घ्यावा. कपड्यांचा सोडा लावू नये. सूज जेथे वर संपते तेथून आरंभ करून खाली यावे. कातडीच्या घड्या व बोटांची बेचकी एकेक करून हळूच चोळावी. ब्रश, नारळाची काथ्या किंवा दगड वापरू नये. साबण पुरता निघून जाईपर्यंत पाणी ओतावे. मग मऊ, स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे, घासून नव्हे. लहान फडक्याची वळी करून प्रत्येक बेचक्यातील ओल काढावी. भेग किंवा चिखल्या दिसल्यास आरोग्य केंद्रातून मिळणारे मलम तेथेच लावावे. नखे सरळ कापावी. बाहेर जाताना पायात वहाण असावी. बांधीत उतरणे टळत नसेल तर वर येताच पाय धुवून कोरडे करावे. घरी पोचेपर्यंत थांबू नये.

एवढेच. ह्यात असे काय आहे की जे आपल्या झोपडीत नाही?

येथे मला नामानाची आठवण होते. अरामाच्या राजाचा हा सेनापती कोडी होता. तो सोने, रुपे व उंची वस्त्रे बरोबर घेऊन अलीशाच्या दारी आला. त्याची अपेक्षा अशी की संदेष्टा बाहेर येईल, हात हालवील, देवाचे नाव मोठ्याने घेईल, आणि काही तरी पाहण्यासारखे घडेल. संदेष्टा बाहेरसुद्धा आला नाही. जाऊन यार्देनेत सात वेळा अंग धू, असा निरोप मात्र आला. नामान संतापला. आपल्या देशाच्या नद्या काय वाईट आहेत, असे तो म्हणाला व पाठ फिरविली. बंधूंनो, ही पाठ फिरविणारी माणसे आपल्यातही आहेत. सुई टोचली नाही तर डॉक्टर कसला. सलाईनची बाटली लावली नाही तर पैसे घेतले कशाचे. पाय धुवा म्हणतो, हे तर आम्हांस आमच्या आजीनेही सांगितले असते! मग आठवड्याची मजुरी मोडून लांबच्या वैदूकडे किंवा मांत्रिकाकडे जायचे. तो काही तरी बांधतो, काही तरी जाळतो, आणि त्याचे नाव होते. कोणी पाय धुऊन बरा राहिला तर नाव कोणाचे होणार?

नामानाचे मन वळविले ते कोणी, हेही पाहा. प्रथम एका पकडून आणिलेल्या लहान मुलीने, आणि शेवटी त्याच्या चाकरांनी. घरातील सर्वांत धाकटी माणसे जे शहाणपण सांगत होती ते सेनापतीस सुचले नाही. आज आपल्या गावी आशा सेविका दारोदार फिरते. तिचे शिक्षण थोडे असेल. ती आपल्याच शेजारची सून आहे. म्हणून तिचे बोलणे आपण कानाआड करितो. त्या मुलीचे वचन नामानाने ऐकिले नसते तर त्याचे कोड घेऊनच तो मेला असता.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण व्यासपीठावरून खोटी आशा देणे हे पाप आहे. नामान बरा झाला तो यार्देनेच्या पाण्याच्या गुणाने नव्हे, तर देवाने त्यास बरे केले म्हणून. आपण पाय धुतला म्हणजे वाढलेला हत्तीपाय जागच्या जागी बारीक होईल, असे मी सांगत नाही. थोडा हलका होईल, कोवळ्या सुजेस पुष्कळ उतार पडेल, जुनी सूज बहुधा राहील. परंतु नियमाने धुणाऱ्यास तापाचे झटके फार कमी येतात, दुर्गंधी जाते, चालणे सुटते, वर्षातील कित्येक दिवसांची मजुरी वाचते. ज्याच्या घरात दोन एकर धान व पाच तोंडे आहेत, त्यास ह्याचा अर्थ काय तो तुम्हांस सांगावयास नको. पुरुषांस ह्याच रोगाने अंडवृद्धी होते. लाजेने ती धोतराखाली वर्षानुवर्षे लपविली जाते. तिला लेप, पाला, पट्टा काही उपयोगी नाही. शस्त्रक्रियेने ती दूर होते, व सरकारी रुग्णालयात ती होते. उपदेशकाने पुरुषांस एकान्तात हे सांगावे.

धुण्याच्या जोडीस दोन गोष्टी आणखी आहेत. बसताना सुजलेला पाय खाली लोंबत ठेवू नये, पाटावर किंवा दुसऱ्या खाटेवर ठेवावा. निजताना खाटेच्या पायथ्याच्या खुरांखाली विटा घालाव्या, म्हणजे रस खाली साचणार नाही. ज्यास हृदयाचे दुखणे आहे त्याने मात्र हे डॉक्टरास विचारून करावे. आणि पाय हालवावा : घोटा गोल फिरवणे, टाचा उचलून बोटांवर उभे राहणे, पायाची बोटे वर-खाली करणे, हे दिवसातून चार-पाच वेळा. चालणे हेच पायाच्या रसाला वर ढकलणारे यंत्र आहे. केरळात कासरगोड येथे इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी ही संस्था आहे. तिने धुणे, आयुर्वेदातील तेल-लेप, योगाच्या साध्या हालचाली व खोल श्वास, आणि पायावर घट्ट पट्टी, ह्यांची सांगड घालून हत्तीपायाच्या रोग्यांस पुष्कळ आराम दिला आहे. जखम किंवा पू असल्यास तेथेही आधुनिक औषधच देतात. देशी व विलायती हा वाद त्यांनी घातला नाही, रोग्याच्या पायाकडे पाहिले. हे मला फार आवडते.

तापाचा झटका आला असता काय करू नये हे करण्याच्या गोष्टींपेक्षा महत्त्वाचे आहे. त्या दिवसांत पाय शेकू नये. गरम पाण्यात बुडवू नये. राख, शेण, पाल्याचा ठेचा, मोहाचे तेल, काही चोपडू नये. कातडीस चिरा देऊन रक्त काढू नये. ह्या चिरांनी पाय सडल्याची उदाहरणे कमी नाहीत. पाय उंच ठेवून निजावे, गार ओले फडके ठेवावे, पाणी भरपूर प्यावे, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. हालचालीचे व्यायाम ताप उतरेपर्यंत बंद.

आता कोणी म्हणेल, उपदेशकसाहेब, पाला, मुळ्या, साल ह्या देवानेच निर्माण केल्या; मग त्यांस नावे का ठेविता? नावे ठेवीत नाही. आमच्या रानातील मुनग्याचा पाला, तरोट्याची कोवळी भाजी, अंबाडी, आवळा, तलावातील शिंगाडा व मासे ही देवाच्या हातची देणगी आहे. ज्वारीची अंबील उन्हाळ्यात पोटास थंडावा देते. हातसडीच्या तांदळाचा कोंडा गिरणीत गेला तेव्हा त्याबरोबर पुष्कळ जीवनसत्त्वही गेले. ज्याच्या घरी उखळ-मुसळ अजून आहे त्याने ते विकू नये. थकून-खचून रोतेमाच्या झाडाखाली मरण मागत पडलेल्या एलीयास देवाने प्रथम उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा भाकर दिली. मग होरेबाची वाट दाखविली. पोटभर अन्न व रात्रीची झोप ह्यांस आध्यात्मिक मनुष्याने तुच्छ मानू नये.

परंतु शास्त्रातच दुसरीही गोष्ट आहे. गिलगालात दुष्काळ पडला होता. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक जण भाजी आणावयास रानात गेला व एका रानवेलीची फळे ओटीभर घेऊन आला. ती काय आहेत हे न जाणता त्याने चिरून हंडीत टाकिली. खाणारे ओरडले की ह्यात मरण आहे. ती फळेही निसर्गातलीच होती. कोणा कारखान्यातून आली नव्हती. देवाने अलीशाच्या हाते ती हंडी निर्दोष केली, पण अजाण हाताने वाटेल तो पाला आणावा, असा त्याचा अर्थ नव्हे.

आमच्या हंडीतही असे एक कडधान्य आहे. धान कापण्यापूर्वी ओल्या बांधीत लाखोरी फेकितात. ती नांगरणीवाचून, पाण्यावाचून उगवते, आणि दुसरे काही पिकले नाही तरी पिकते. ही गरिबाची डाळ. पण ती दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांतील शक्ती जाते, गुडघे आखडतात, मनुष्य काठ्यांवर येतो, आणि गेलेले पाय परत येत नाहीत. सागर प्रांतात १८२९ नंतर काही वर्षे गव्हाचे पीक बुडाले, तेव्हा ही डाळ खाऊन तरणेताठे लोक लुळे पडले, असे स्लीमन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेविले आहे. रेवा भागात तर जमीनदार मजुरांस मजुरी म्हणून हीच देत असत. मालकाचे पाय शाबूत राहत व मजुराचे जात. १९६१ साली तिच्या विक्रीस बंदी आली; महाराष्ट्रात ती २००८ साली उठली. आता कमी विषाचे वाण निघाले आहेत, रतन व प्रतीक ह्या नावांचे. पेरायचीच असेल तर ते बियाणे कृषी केंद्रात मागावे. आणि घरातील लाखोरीवर उकळते पाणी ओतून ती काही तास भिजू द्यावी व ते पाणी टाकून द्यावे, कारण विष पाण्यात उतरते. सर्व उतरत नाही, पुष्कळ उतरते. म्हणून तीही रोज नव्हे, व इतर डाळींत मिसळून. अलीशाने हंडीत पीठ टाकविले तसे आपण पाणी ओतून टाकावयाचे आहे. हे काम सुनेवर न टाकिता घरातील कर्त्या माणसाने शिकून घ्यावे.

साप चावला असता तर पाल्यामुळीचे नावही घेऊ नये. धुऱ्यावर व गंजीजवळ घोणस असते. जमिनीवर निजणाऱ्यास मण्यार रात्री चावते व तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. तेथे प्रत्येक घटका मोलाची आहे. रुग्णालयात प्रतिविष असते. वाटेत मंत्र म्हणणाऱ्याकडे थांबू नका. प्रार्थना गाडीत बसून करावी, ती तेथूनही ऐकिली जाते. तसेच अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर नामानाची गोष्ट आठवून सरकारी दवाखान्यात दाखवावा. १९८० च्या दशकापासून कुष्ठरोगावर जी संयुक्त औषधे निघाली आहेत, ती सहा ते बारा महिने नियमाने घेतल्यास रोग पुरता बरा होतो, व ती फुकट मिळतात.

हत्तीपायाच्या गोळ्यांविषयी आमच्या काही मंडळ्यांत वाद आहे, त्याचा येथेच निकाल करू. वर्षातून एकदा सरकारी माणसे गोळ्या घेऊन येतात. ही मोहीम आपल्या देशात २००४ सालापासून चालू आहे. पूर्वी दोन औषधे देत. २०१९ साली नागपूर जिल्ह्यात व पुढे इतरत्रही तिसरे, आयव्हरमेक्टिन नावाचे, मिळविले गेले. लोक म्हणतात, मला काही झाले नाही, मी का घेऊ? पण पिले ज्याच्या रक्तात फिरतात त्यासही काही झालेले नसते. त्याच्या घरचा डास शेजाऱ्याच्या लेकरास चावतो. आपल्यासाठी नव्हे तर त्या लेकरासाठी गोळी घ्यावयाची. जेवून घ्यावी, व त्या सेविकेसमोरच घ्यावी. मग घेतो म्हणून ठेवलेली गोळी उंदीर खातात. कधी डोके दुखते, किंचित ताप येतो; ते बहुधा जंतू मरत असल्याचे लक्षण असून एक-दोन दिवसांत जाते. गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुले व फार आजारी माणसे ह्यांस गोळी देत नाहीत, हे ती सेविका जाणते.

दुसरे काही बंधू म्हणतात की गोळी घेणे हे विश्वासाची उणीव दाखविते. देवाने दिलेले स्वाभाविक तेवढेच घ्यावे. त्यांस मी एवढेच विचारितो की ही तिसरी गोळी कोठून आली हे त्यांस ठाऊक आहे काय? जपानात सातोशी ओमुरा नावाच्या शास्त्रज्ञांनी गावोगावच्या मातीचे नमुने गोळा केले. इतो ह्या गावाजवळच्या मातीत त्यांस एक सूक्ष्म जीव सापडला. तो काय करू शकतो ते अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल ह्यांनी शोधिले, आणि त्यातून हे औषध झाले. २०१५ साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्याच पारितोषिकाचा अर्धा भाग चीनच्या तू यूयू ह्या बाईंस मिळाला. त्यांनी जुन्या चिनी वैद्यकातील एका वनस्पतीतून हिवतापाचे औषध काढिले. म्हणजे गोळी मातीतूनच आली. भेद एवढाच की कोणी तरी ती माती वर्षानुवर्षे तपासली, मात्रा ठरविली, अपाय पाहिला. आमच्या प्रभूने जमिनीवरच्या मातीचा चिखल करून आंधळ्याच्या डोळ्यांस लाविला आणि मग त्यास शिलोह तळ्यात धुवावयास पाठविले. माती व धुणे, दोन्ही. ज्या बंधूंस गोळी नको आहे त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

डास कमी करणे हे मात्र कोणा एकाच्या घरचे काम नव्हे. मोरीचे पाणी रस्त्यावर सोडले की ते दुसऱ्याच्या अंगणात साचते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी ह्या गावाने घरोघरी शोषखड्डे केले, गटारे कोरडी पाडिली, व त्या गावाचे डास फार कमी झाले. त्याचा कित्ता पुष्कळ गावांनी गिरविला. खड्डा, दगड-विटांचे तुकडे, सच्छिद्र टाकी किंवा माठ एवढेच त्यास लागते. शौचालयाच्या टाकीच्या नळीवर जाळी किंवा जुने फडके बांधावे. विहिरीत व साचल्या पाण्यात गप्पी मासे सोडावे. अरण्यात इस्राएल लोकांचा तळ पडला असता प्रत्येकाने तळाबाहेर जावे, हत्यारासोबत खणण्याचे साधन ठेवावे व मळ झाकावा, असा नियम मोशेने त्यांस दिला होता. जो देव तळात फिरतो त्यास घाण दिसू नये, असे त्याचे कारण दिले आहे. आपल्या प्रार्थनामंदिराच्या मागे पाणी साचते काय, हे पंचांनी येत्या रविवारी पाहून घ्यावे. वैनगंगेच्या काठच्या मंडळ्यांनी पिण्याचे पाणी उकळूनच प्यावे; नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत व तिच्यातून वैनगंगेत येते, आणि वाहते पाणी शुद्धच असते हा जुना समज आता उपयोगाचा नाही.

आता सर्वांत जड गोष्ट. आपल्या काही मंडळ्यांत हत्तीपाय झालेली माणसे उपासनेस दाराबाहेर ओसरीवर बसतात. कोणी त्यांस तेथे बसा म्हटले नाही. पण आत या असेही कोणी म्हटले नाही. पायास वास येतो म्हणून ती आपणहून दूर राहतात. प्रभुभोजनाच्या वेळी ती सर्वांच्या शेवटी येतात, किंवा येतच नाहीत. त्यांच्या मुलींच्या सोयरिकी अडतात. हा रोग स्पर्शाने लागत नाही. एका ताटात जेवल्याने लागत नाही. पाय हाताने धुतल्यानेही लागत नाही. हे तिन्ही सत्य उपदेशकाने उपासनेत मोठ्याने सांगावे, आणि तेवढ्यावर थांबू नये, कारण कानाने ऐकिलेले लोक विसरतात व डोळ्यांनी पाहिलेले विसरत नाहीत. वास रोगाचा नसतो. घड्यांत साचलेल्या मळाचा व ओलीचा असतो, आणि आठ दिवस नीट धुतल्यास पुष्कळ कमी होतो. म्हणजे त्या मनुष्यास ओसरीवर ठेवणारी गोष्ट साबणाच्या एका वडीइतकी आहे.

आणि पुष्कळांस स्वतःचा पाय धुताच येत नाही. वय झालेले असते, कंबर वाकत नाही, सुजेमुळे बोटांपर्यंत हात पोचत नाही, घरात कोणी उरलेले नाही. अशा मनुष्याचा पाय दुसऱ्या कोणी तरी धुवावा लागतो. पेत्राने प्रभूस आपले पाय धुऊ देण्यास प्रथम नकार दिला होता. आपल्या गावची म्हातारी बाईही नको नको म्हणेल, पाय पदराखाली घेईल. तिला घाई करू नका. पहिल्या दिवशी नुसते पाणी व फडके तिच्याजवळ ठेवून बसा.

ज्या मंडळीत असे एखादे माणूस आहे तिने शनिवारी सायंकाळी, उपासनेच्या आदल्या दिवशी, हे काम आरंभावे. पाळक किंवा उपदेशक ह्यांनी पहिल्याने स्वतः गंगाळ हाती घ्यावे. बायकांचे पाय बायबलबाईंनी किंवा वडील स्त्रियांनी धुवावे. प्रत्येक रोग्याचे फडके वेगळे असावे, ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. आरोग्य केंद्रात मागितल्यास काही ठिकाणी टब, मग, टॉवेल, साबण व मलम असा संच रोग्यास फुकट देतात. त्यासाठी रोग्याचे नाव तेथील यादीत असावे लागते, म्हणून उपदेशकाने सोबत जाऊन ते लिहवून यावे. संच मिळेपर्यंत साबणाच्या दोन वड्या व सुती फडकी मंडळीच्या पैशातून आणावी आणि तो खर्च हिशेबाच्या वहीत, दिवाबत्तीच्या खाली, वेगळ्या ओळीत मांडावा.